किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनला हात लावण्याआधी

प्रिय सुनंदा,

किनाऱ्यावरच्या बचावगटात नाव दिलंस हे वाचून फार बरं वाटलं. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. पहिल्यांदा बोलावणं आलं तर काय करायचं, आणि समुद्रातल्या या सस्तन जीवांना माणसाकडून सगळ्यात मोठा धोका नेमका कशाचा. पहिलं आधी सांगते, कारण बोलावणं कधीही येईल आणि तिथे आठवत बसायला वेळ नसेल.

वाळूवर जिवंत डॉल्फिन दिसला की जमलेल्या प्रत्येकाला एकच सुचतं, ढकला त्याला पाण्यात. तू ढकलू नकोस आणि कुणाला ढकलू देऊ नकोस. एकटा डॉल्फिन किंवा देवमासा किनाऱ्याला लागतो तो बहुतेक वेळा आजारी, जखमी किंवा उपाशी असतो म्हणून. अंगात पोहण्याचं बळ नसलेला प्राणी पाण्यात लोटला तर तो बुडतो, नाहीतर थोडं पुढे जाऊन पुन्हा वाळूवर येतो, आधीपेक्षा जास्त थकून. म्हणून पहिलं काम फोनचं. गटाच्या पशुवैद्याला नेमकी जागा सांग. भरती चालू आहे की ओहोटी, प्राणी किती आणि अंदाजे केवढे लांब, श्वास चालू आहे का, पिल्लू जवळ आहे का, एवढं कळलं की त्यांना स्ट्रेचर आणायचं की आणखी माणसं, हे ठरवता येतं.

आता शरीराचं गणित समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात राहील. समुद्रात त्याचं वजन पाणी पेलतं. वाळूवर तेच वजन त्याच्या स्वतःच्या फुप्फुसांवर आणि स्नायूंवर येतं. दबलेल्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो, पेशी मरतात, आणि त्यांतून सुटलेलं मायोग्लोबिन हे स्नायूंतलं प्रथिन रक्तातून मूत्रपिंडांत जाऊन ती निकामी करतं. भीतीनं आणि धडपडीनंही स्नायूंची हीच गत होते. सोडताना ठणठणीत वाटलेला प्राणी काही दिवसांनी मेलेला सापडतो, त्यामागे पुष्कळदा हे कारण असतं. दुसरा प्रश्न उष्णतेचा. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं उष्णता ओढून नेतं, आणि त्याच्या कातडीखालचा चरबीचा थर त्या थंडाव्याला पुरून उरेल असा घडलेला आहे. वाळूवर उन्हात तोच थर त्याला आतून भाजून काढतो.

म्हणून सावली कर. फिक्या रंगाची चादर किंवा टॉवेल ओले करून अंगावर घाल, आणि बादलीनं पाणी घालत राहा. छातीचे पर, पाठीचा पर आणि शेपूट यांकडे जास्त लक्ष दे, कारण शरीरातली उष्णता मुख्यतः तिथूनच बाहेर पडते. डोक्यावरचं श्वासछिद्र मात्र कायम उघडं हवं. त्यावर कापड येता कामा नये, त्यात पाणी किंवा वाळू जाता कामा नये. बादली ओतणाऱ्याला हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, लोक उत्साहात डोक्यावरूनच पाणी घालतात. थंड वारा सुटलेला असेल तर उलटं होतं, ओलं अंग गारठतं. अशा वेळी वाऱ्याच्या बाजूनं आडोसा धर आणि पाणी कमी कर.

त्याला पोटावर सरळ ठेवायचं असतं. दोन्ही छातीच्या परांखाली वाळूत खड्डे कर, म्हणजे ते वजनाखाली मुडपणार नाहीत, आणि खड्ड्यांत पाणी भर. शेपटीला आणि परांना धरून कधीही ओढू नये, सांधे निखळतात आणि मणके दुखावतात. शेपटीच्या टप्प्यात उभी राहू नकोस, एका फटक्यात माणसाचं हाड मोडतं. चेहरा श्वासछिद्राच्या वर नेऊ नकोस. त्या फवाऱ्यात जंतू असू शकतात, ब्रुसेलासारखे माणसाला बाधणारेही, म्हणून हातमोजे आणि मास्क हवेतच.

मग श्वास मोज. छोट्या डॉल्फिनचे मिनिटाला साधारण दोन ते पाच श्वास ठीक समजावेत. दहाच्या वर गेले तर तो प्रचंड ताणाखाली आहे. पशुवैद्य येईपर्यंत दर पाच मिनिटांनी आकडा लिहून ठेव, निर्णय घेताना सगळ्यात जास्त उपयोग त्या वहीचा होतो. बाकी शांतता. कुत्री, गर्दी, मोबाइल घेऊन अंगाशी येणारे लोक यांना दूर ठेवण्यासाठी वेगळा माणूस नेम. हे काम सगळ्यांना कमी दर्जाचं वाटतं, पण माझ्या मते प्राणी जगतो तो बऱ्याचदा याच माणसामुळे.

हलवायची वेळ आली तर त्याला हळूच एका कुशीवर कलवतात, स्ट्रेचर अर्ध गुंडाळून अंगाखाली सरकवतात आणि दुसऱ्या बाजूला कलवून उलगडतात. पर शरीराला लागून मागे वळलेले हवेत. दोन मीटरचा कॉमन डॉल्फिन शंभर किलोच्या आसपास भरतो, सहा माणसं लागतातच. पाण्यात नेल्यावर लगेच सोडायचं नाही. तासन्‌तास एका जागी पडून त्याचा तोल गेलेला असतो, सोडला की एका बाजूला कलंडतो आणि श्वासछिद्र पाण्याखाली जातं. कमरेइतक्या पाण्यात त्याला सरळ धरून ठेवायचं, तो स्वतः वर येऊन श्वास घेईपर्यंत आणि शेपूट नीट मारेपर्यंत. याला वेळ लागतो, पाणी गार असतं, म्हणून माणसांच्या पाळ्या आधीच लाव.

पायलट व्हेलसारखे कळपानं राहणारे देवमासे एकदम किनाऱ्याला लागतात तेव्हा हिशेब बदलतो, कारण त्यांतले बरेचसे निरोगी असतात. न्यूझीलंडच्या फेअरवेल स्पिटवर फेब्रुवारी २०१७ मध्ये चारशेहून जास्त लागले होते. टास्मानियातल्या मॅक्वारी हार्बरमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये सुमारे ४७०, आणि बरोबर दोन वर्षांनी तिथून जवळच पुन्हा सुमारे २३०. यांना एकेक करून सोडलं तर सुटलेला प्राणी मागे राहिलेल्यांचे आवाज ऐकून परत वळतो. म्हणून पाण्यात आणलेल्यांना धरून ठेवतात आणि जमतील तितके एकदम, भरतीच्या वेळी, खोल पाण्याकडे सोडतात.

आणि काहींना सोडता येत नाही. मानेमागे खळगा पडलेला, पाठीचे स्नायू बसलेले, आईशिवायचं दूध पिणारं पिल्लू, यांच्यासाठी पशुवैद्य शांत मरण देण्याचा निर्णय घेतो. त्या वेळी लोक तुझ्यावर ओरडतील. तू निर्णय घेणाऱ्याच्या बाजूनं उभी राहा. लाटांत ढकलून दिलेला तो प्राणी नजरेआड, पण जास्त हाल होऊन मेला असता.

सीलची गोष्ट वेगळी. तो विश्रांतीसाठी स्वतःहून किनाऱ्यावर येतो, त्याला पाणी घालायचं नाही आणि समुद्राकडे हाकलायचं नाही. एकटं पिल्लू दिसलं तर आई बहुधा चरायला गेलेली असते आणि माणसं जवळ असतील तर ती परत येत नाही. लांब राहा. चावला तर लगेच डॉक्टरकडे जा आणि सील चावला असं स्पष्ट सांग. त्या संसर्गावर पेनिसिलिन चालत नाही, टेट्रासायक्लिन गटातलं औषध लागतं.

आता तुझा दुसरा प्रश्न. तू शिकारी जहाजांवर आणि डॉल्फिनच्या खेळांवर चिडली आहेस, आणि ती चीड रास्त आहे. पण सगळ्यात जास्त जीव जातात ते जाळ्यांत, जिथे त्यांना मारायची कुणाचीच इच्छा नसते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देवमासे, डॉल्फिन आणि पॉरपॉइज (डॉल्फिनचे छोटे नातलग) मिळून वर्षाला तीन लाखांहून जास्त असे मरतात असा अंदाज होता. सगळ्यात घातक गिलनेट, म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं बारीक धाग्याचं जाळं. हे प्राणी आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखतात. बारीक नायलॉनच्या धाग्यावरून प्रतिध्वनी फारच क्षीण येतो, शिवाय माशांमागे धावताना त्यांचं लक्ष माशांवर असतं. अडकलेला प्राणी वर येऊ शकत नाही आणि श्वास कोंडून मरतो.

यावरचा एक उपाय म्हणजे पिंगर, जाळ्याच्या दोरावर बांधायचं आवाज करणारं छोटं यंत्र. नेहमीचं पिंगर दर चार सेकंदांनी दहा किलोहर्ट्‌झचा छोटा आवाज सोडतं आणि ती साधारण शंभर मीटर अंतरानं लावतात. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या गल्फ ऑफ मेनमध्ये १९९४ साली याची नीट चाचणी झाली. चालू पिंगर लावलेल्या ४२१ जाळ्यांच्या माळांत दोन हार्बर पॉरपॉइज अडकले, बंद पिंगरच्या ४२३ माळांत पंचवीस. इतका स्वच्छ निकाल या क्षेत्रात क्वचित मिळतो. तरी प्रत्यक्षात घसरण होते. बॅटरी संपते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मधलं एक पिंगर बंद पडलं की तिथे शांत खिंड तयार होते आणि प्राणी नेमका तिथून जायला बघतो. सील आणि सी लायन तर आवाजावरून जाळं कुठे आहे ते शिकतात आणि मासे खायला येतात. बॉटलनोज डॉल्फिनवर परिणाम भरवशाचा नाही. म्हणून जाळं टाकण्याआधी प्रत्येक पिंगर कानाशी धरून तपासणं आणि बॅटरी बदलल्याची तारीख त्यावरच लिहिणं, ही सवय यंत्राइतकीच मोलाची आहे. मच्छीमाराला गुन्हेगार ठरवून ती लागत नाही. फाटलेलं जाळं आणि वाया गेलेला दिवस त्यालाही परवडत नाही, बोलणं तिथून सुरू कर.

मात्र प्राणी फारच थोडे उरले असतील तर जाळी हटवण्याला पर्याय नाही. मेक्सिकोच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातला वाकिटा हा जगातला सगळ्यात छोटा पॉरपॉइज. १९९७ मध्ये अंदाज ५६७ होता, २०१८ पर्यंत तो वीसच्या खाली आला. टोटोआबा या माशाच्या पोटातल्या हवेच्या फुग्याला चीनमध्ये प्रचंड किंमत येते, आणि त्यासाठी लावलेल्या चोरट्या गिलनेटमध्ये वाकिटा मरत गेले. २०१७ मध्ये त्यांना पकडून सुरक्षित ठेवण्याचा प्रयत्न झाला. दोन हाती लागले, एकाला ताण सहन होईना म्हणून सोडावं लागलं आणि दुसरी मादी मेली. जगातले उत्तम तज्ज्ञ तिथे होते.

दोरखंडात अडकलेला मोठा देवमासा दिसला तर पाण्यात उडी मारायची नाही आणि मागे लोंबणारा दोर कापायचा नाही. लोक तेवढाच कापून आनंदानं परततात. तोंडातला आणि परांभोवतीचा फास तसाच राहतो, मांसात रुतत जातो, आणि देवमासा महिनोन्‌महिने झिजून मरतो. प्रशिक्षित पथक त्याच लोंबत्या दोराला तरंगणारे बोये बांधून त्याला दमवतं आणि मग लांब काठीवरच्या आकडीदार सुरीनं नेमका फास कापतं. जुलै २०१७ मध्ये कॅनडातले अनुभवी बचावकर्ते जो हाउलेट यांनी एका राइट व्हेलला सोडवलं, आणि त्याच क्षणी त्या देवमाशाच्या धडकेनं त्यांचा जीव गेला. तुझं काम फोटो काढणं, जागा कळवणं आणि पथक येईपर्यंत लांबून नजर ठेवणं, इतकंच.

शिकारीचं थोडक्यात. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगानं १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवायचं ठरवलं, तरी नॉर्वे आणि आइसलँडनं ती पुढे केली आणि जपान २०१९ मध्ये आयोगातून बाहेर पडला. बंदिवासाचं मूळही पुष्कळदा शिकारीतच असतं. जपानमधल्या ताइजीत बोटींवरून लोखंडी नळ्या पाण्यात सोडून त्यांवर हातोडे मारतात, आवाजाची भिंत उभी करून कळप खाडीत हाकतात, देखणे जिवंत विकतात आणि बाकीच्यांतले बरेच मारतात. जिवंत डॉल्फिनला मिळणारी किंमत ही शिकार चालू ठेवते, आणि ती किंमत शेवटी तिकिटातून येते. भारतानं २०१३ मध्ये डॉल्फिनच्या खेळांच्या तळ्यांना परवानगी नाकारली, कॅनडानं २०१९ मध्ये कायदा केला. पण आत असलेल्यांना सरळ सोडून देता येत नाही. आइसलँडजवळ १९७९ मध्ये पकडलेला केइको हा ओर्का १९९८ मध्ये परत नेला, २००२ मध्ये तो स्वतः पोहत नॉर्वेला गेला. कळपात मात्र तो कधी मिसळला नाही, माणसांच्या जवळच राहिला आणि २००३ मध्ये न्यूमोनियानं मेला. म्हणून मला वाटतं, आग्रह नव्यानं पकडणं आणि पैदास थांबवण्याचा धरावा, आणि आत असलेल्यांसाठी समुद्रातल्या कुंपण घातलेल्या खाड्या मागाव्यात.

शेवटी, तुला जिवंतांपेक्षा मेलेलेच जास्त भेटतील. तेही काम मनापासून कर. लांबी वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोज, अंगाच्या फुगवट्यावरून टेप फिरवू नकोस. फोटो पूर्ण बाजूचा, डोक्याचा, दातांचा, पाठीच्या पराचा आणि पोटाखालचा घे, प्रत्येकात मोजपट्टी ठेव. तोंडाच्या कडा आणि परांची मुळं नीट बघ, जाळ्याच्या बारीक समांतर खुणा तिथेच सापडतात. फुगलेल्या पोटाला टोचू नकोस. २००४ मध्ये तैवानच्या ताइनान शहरात एक स्पर्म व्हेल भररस्त्यात असाच फुटला होता. जागा आणि वेळ तिथल्या तिथे लिही, आणि शव उचललं जाण्याआधी पशुवैद्याला कळव. कुठल्या हंगामात कुठल्या पट्ट्यात जाळी बंद ठेवायची हे ठरवताना अशाच नोंदी पुढे ठेवल्या जातात.

ओळखीच्या मच्छीमारांशी पिंगरबद्दल बोलणं झालं तर त्यांच्या अडचणी मला त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव.

तुझी,
मीरा