कांद्याची ‘सरासरी’ काढताना वजन विसरू नका

मा. संपादक,

सोलापूर बाजार समितीतील कांद्याच्या काही बातम्यांत किमान आणि कमाल दरांची बेरीज करून तिला दोनने भागतात व त्याला ‘सरासरी’ म्हणतात. ती सरासरी नव्हे, दोन टोकांचा मध्य आहे.

समजा, 10 क्विंटल कांदा क्विंटलला 3,000 रुपयांनी, 40 क्विंटल 1,500 रुपयांनी आणि 50 क्विंटल 600 रुपयांनी गेला. टोकांचा मध्य येतो 1,800. तिन्ही दरांची बेरीज 5,100, भागिले 3, म्हणजे 1,700. पण खरा हिशेब असा: प्रत्येक दराला त्याच्या क्विंटलने गुणा. 30,000, 60,000 आणि 30,000; एकूण 1,20,000. याला 100 क्विंटलने भागले की 1,200 रुपये. टोकांच्या मध्यापेक्षा क्विंटलमागे 600 रुपयांचा फरक पडला! दहा क्विंटलच्या उंची मालाला पन्नास क्विंटलच्या गोल्टीइतकेच, म्हणजे बारीक कांद्याइतकेच, वजन दिल्यावर दुसरे काय होणार?

मोबाइलवर कंस न देता 600+1500+3000÷3 केले तर भागाकार आधी होतो आणि 3,100 येते. सरासरी कमाल दराच्या वर जाऊच शकत नाही, एवढे पाहिले तरी चूक सापडते. न विकलेल्या मालाचा दर शून्य धरू नये, तो हिशेबातच नको. पावसाच्या सरासरीत मात्र कोरडा दिवस शून्य म्हणून मोजावाच लागतो. आठवड्याची सरासरीही रोजच्या सरासऱ्यांची नको. एकूण रक्कम भागिले एकूण विकलेले क्विंटल.

दराशेजारी त्या दराने किती क्विंटल विकले गेले तेही छापावे, ही विनंती.

– एक वाचक, सोलापूर