शेकडो जनुकं नकोत, एक वेळेवर तपासा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या अंकातून एक गुळगुळीत पत्रक खाली पडलं. मुलाच्या लाळेवरून शेकडो जनुकं तपासू आणि त्याला कुठलं औषध चालेल याची आयुष्यभराची यादी देऊ, असा मजकूर. अभ्यासात लक्ष न लागणाऱ्या, चंचल मुलांच्या आईवडिलांसाठी वेगळी चौकट. अमेरिकेतल्या बालमनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्येच सांगून ठेवलंय की मुलांची मनोविकारावरची औषधं अशा चाचण्यांवरून निवडू नका. पत्रकात ते कशाला छापतील!

पण म्हणून जनुकचाचणी थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात ती वेळेवर झाली नाही म्हणून हाल झाले.

नातवाला सहाव्या वर्षी रक्ताचा कर्करोग निघाला. पहिला महिना निभावला, मग रोज रात्रीची सिक्स-एमपीची (मर्कॅप्टोप्युरिन या कर्करोगावरच्या औषधाची) गोळी सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात तोंड सोललं, ताप चढला, पांढऱ्या पेशी सहाशेवर. गोळी बंद. काउंट वर आले की पुन्हा सुरू, पुन्हा भरती. सुनेने पेन्सिलीने मांडलेलं कॅलेंडर अजून भिंतीवर आहे: अर्धी, पाव, बंद, बंद, पाव. पन्नासच्या गोळीचे चार तुकडे करताना एखादा तरी चुरा व्हायचाच. चार महिन्यांनी एका डॉक्टर बाईंनी एनयूडीटी-१५ या जनुकाची चाचणी करायला सांगितली. शरीरात या औषधाचा जोर आवरायचं काम हे जनुक करतं; ते सदोष असलं की नेहमीचा डोसही जड जातो. दोष तिथेच होता. डोस खूप खाली आणला आणि वॉर्डाच्या वाऱ्या थांबल्या.

या जनुकाची आणि या औषधाची सांगड २०१४ मध्ये लागली. त्याआधी पुस्तकांत तसंच काम करणाऱ्या टीपीएमटी या जनुकाचंच नाव असायचं, कारण युरोपातल्या लोकांत दोष जास्त त्यात सापडतो. आशियातल्या मुलांत एनयूडीटी-१५ चा दोष अधिक. तिकडची यादी आपल्या पोरांना कशी पुरणार?

फिट्सवरच्या कार्बामाझेपिनचीही तीच गोष्ट. एक ठरावीक जनुक असलेल्यांची या गोळीने कातडी सोलून निघू शकते, म्हणून आशियाई वंशाच्या रुग्णांची आधी तपासणी करा, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्येच सांगितलं होतं.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळे आपल्या विदर्भात रक्ततपासणी आणि वारसा हे शब्द खेड्यातल्या आयांनाही ठाऊक आहेत. त्यांना समजावणं अवघड नाही. गडचिरोली, गोंदिया, बालाघाटहून मुलं उपचाराला नागपुरातच येतात. कर्करोगाचं निदान होताच पहिल्याच रक्तातून एनयूडीटी-१५ ची ही एक तपासणी सरकारी खर्चाने व्हावी, आणि अहवाल पहिली गोळी पोटात जायच्या आत डॉक्टरांच्या हाती असावा. आमचा बाहेरगावच्या लॅबमधून यायला तीन आठवडे लागले. तोवर सून पाव गोळीवरच अंदाज बांधत होती.

एक आजोबा,
मानेवाडा, नागपूर