किल्ली बाबांच्या हातात ठेवणाऱ्या काकांना

काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल अशी आशा आहे. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. हमरस्त्यावरून फाट्याची पाटीसुद्धा धड दिसत नाही असं ते गाव, आणि ते तसंच निवांत राहावं असं मला मनापासून वाटतं.

त्या दिवशी गाडी बाबा चालवत होते. वय ७४, त्यातली ४० वर्षं स्टिअरिंगवर गेलेली. ओहोटी होती, ओली वाळू फरशीसारखी घट्ट दिसत होती, म्हणून त्यांनी गाडी खाली घेतली. वळवताना पुढची चाकं एका मऊ पट्ट्यात गेली आणि रेस दिली तशी आणखीच रुतली. किनाऱ्यावर गाडी घालायलाच नको होती, हे आम्हा दोघांनाही मान्य आहे.

अशा वेळच्या मदतीसाठी ज्यांच्याकडे आम्ही दरवर्षी पैसे भरतो, त्यांना फोन केला. ‘पक्का रस्ता नसेल तर आमची गाडी येत नाही,’ म्हणाले आणि फोन ठेवला. फिरायला आलेली दोन तरुण मुलं थांबली, मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात एकजण म्हणाला, ‘या वयात गाडी हातात द्यायचीच कशाला?’ बाबा काही बोलले नाहीत. किल्ली माझ्याकडे दिली आणि लांब जाऊन पाठमोरे उभे राहिले. त्या मुलांचा मला अजून राग येतो. धक्का मारायला चार हात होते हो त्यांच्याकडे!

मग तुम्ही आलात. आधी गाडीकडे नाही, पाण्याकडे पाहिलंत. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेले, उधाणाची भरती. पाण्याच्या कडेपासून थोडी वर तुम्ही एक काठी रोवलीत. ‘पोरी, समुद्राकडे बघू नको, काठीकडे बघ. पाणी काठीला लागेपर्यंत आपल्याला वेळ आहे.’ भरती सहा तास सारख्या वेगाने चढत नाही, सुरुवातीला सावकाश येते आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी चढतं, हेही तेव्हाच सांगितलंत. आमचा पहिलाच तास चालू होता. माझे हात थरथरायचे थांबले ते त्या काठीमुळे.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. हवा कमी केली की चाक पसरतं आणि वाळूत कमी रुततं, हे मला माहीतच नव्हतं. जाळी दुरुस्त करत बसलेल्या दोघी बायका कुणी न बोलावता उठून आल्या आणि हातांनी वाळू उपसू लागल्या. एकीच्या नखातून रक्त आलं. तिने ते पदराला पुसलं आणि पुन्हा उपसायला लागली. फळ्या टाकल्या, तुम्ही स्टिअरिंगवर बसलात, गाडी निघाली. पाणी तेव्हाही काठीला लागलं नव्हतं.

गाडी घट्ट जमिनीवर आली तेव्हा किल्ली घ्यायला मी हात पुढे केला होता. तुम्ही मला ओलांडून बाबांकडे गेलात. वाळू लागलेली किल्ली सदऱ्याला पुसलीत आणि त्यांच्या तळहातावर ठेवलीत. ‘न्या वर तुम्हीच. आमच्या होड्यासुद्धा रुततात.’

काका, हे पत्र त्यासाठी आहे. गाडी आज ना उद्या कुणीतरी काढलीच असती. पण बाबांनी त्या दिवशी मला किल्ली दिली ती कायमची दिली होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तुम्हालाही दिसलं. आम्हाला कधी न पाहिलेल्या माणसाला ते दिसावं, आणि त्याने एक शब्दही जास्त न बोलता ते सावरावं! मदत करणारे भेटतात, पण मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून इतकं जपणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

घरी आल्यावर बाबांनी गाडी खालून गोड्या पाण्याने दोनदा धुतली, खारं पाणी पत्रा खातं म्हणून. तेव्हा डिकीत तुमची एक फळी सापडली. घाईत आमच्याबरोबर आलेली दिसते. ती परत द्यायला येतो. अष्टमीच्या आसपास जाऊ, तेव्हाची भांगाची, म्हणजे लहान भरती फार वर येत नाही, असं बाबांनीच ठरवलंय. गाडी वर रस्त्यावरच ठेवू. चालवणार तेच आहेत.