वाटीतले चार बोल्ट

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही कोल्हापूरला सुखरूप पोहोचलात हे तुमच्या लेकीकडून कळलं. विमानतळावर तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. "आता आभारबिभार काय मांडलंयस," म्हणालात आणि आत निघून गेलात. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही ओहायोत राहतो. घरामागे पाऊण एकर गवत आहे आणि शनिवारी सकाळी मोवरवर बसून ते कापणं हे ह्यांचं ठरलेलं काम. मार्चमध्ये ह्यांना स्ट्रोक आला. उजवा हात अधू झाला, बोलणं अडलं. पण मे महिन्यात इथं गवत कुणासाठी थांबत नाही. बघता बघता घोट्याच्या वर येतं आणि फार वाढलं की गावाची नोटीस येते. म्हणून एका रविवारी मीच त्या मशीनवर बसले आणि गवतात दडलेल्या मेपलच्या बुंध्यावर ते घातलं. असा काही आवाज झाला की मी दचकून उभीच राहिले. सीटखाली स्विच असतो, माणूस उठला की इंजिन आपोआप बंद पडतं, म्हणून पुढचं काही झालं नाही.

दुरुस्तीच्या दुकानानं मशीन तीन आठवडे ठेवून घेतलं. तपासणीचे ८५ डॉलर घेतले आणि सांगितलं, डेक म्हणजे पात्यावरचं झाकण गेलं, स्पिंडल म्हणजे पातं फिरवणारा भाग गेला, आता नवीनच घ्या. काउंटरवरच्या माणसानं सुरुवातीला ह्यांना एक प्रश्न विचारला होता. हे शब्द शोधायला लागले तेवढ्यात त्यानं मान माझ्याकडे वळवली आणि नंतर एकदाही ह्यांच्याकडे पाहिलं नाही. ८५ डॉलर मी विसरेन, ती वळलेली मान नाही विसरणार. ओळखीच्यांपैकीही कितीतरी जण "येत्या रविवारी येतो" म्हणाले होते. बरेच रविवार गेले.

आणि मग मंडळाच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, माझं बोलणं तुमच्या कानावर पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही लेकीला गाडी काढायला लावून दारात हजर. डेकखाली हात घालून तुम्ही बोटानं खरवडलंत. बुंध्याची साल आणि वाळलेलं गवत तिथं जसंच्या तसं चिकटलेलं होतं. "दुकानवाल्यांनी उघडलंच न्हाई की," तुम्ही म्हणालात. "उघडल्याबिगर मेलं म्हणायचं कसं?"

काय काय केलंत ते सगळं मला सांगता येणार नाही. आधी इंजिनाच्या स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला केलीत, मगच पात्याला हात लावलात, एवढं आठवतं. फुटलेलं बेअरिंग अंगठ्यानं पुसलंत, चश्मा कपाळावर सरकवून त्यावरचा आकडा वाचलात आणि तुमचा चेहरा असा उजळला, जणू अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी गाववाला भेटला. "बासष्ट-शून्य-तीन! अगं, ह्याच्या पेट्याच्या पेट्या उचलल्यात मी उद्यमनगरातल्या कारखान्यांत. भोक सतरा, बाहेरनं चाळीस, जाडी बारा. जगात कुठंबी जा, माप त्येच." मग स्पिंडलचा शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, घेऊन सरळ स्वयंपाकघरात आलात, ओट्याच्या ग्रॅनाइटवर लाटण्यासारखा फिरवलात आणि खाली वाकून फटीतून उजेड दिसतोय का ते पाहिलंत. "सरळ हाय." तुमच्या त्या दोन शब्दांनी नवीन मशीन घेणं वाचलं आमचं. दोन बेअरिंगं आणि एक पातं, एवढंच आणावं लागलं. वाकलेलं पातं ठोकून परत लावायला मात्र तुम्ही साफ नकार दिलात.

पण काका, हे पत्र त्या दुरुस्तीसाठी नाही.

काम सुरू करताना तुम्ही माझ्याकडे आमटीची एक वाटी मागितलीत. स्पिंडलचे काढलेले बोल्ट तिच्यात टाकलेत आणि ती वाटी खुर्चीवर बसलेल्या ह्यांच्या मांडीवर ठेवलीत. "पाव्हणं, ह्ये तुमच्याकडं. एक हरवला तर काम अडलं." परत जोडायची वेळ आली तेव्हा मशीनखालूनच विचारलंत, "मोजा बघू, किती हायत?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. गेले तीन महिने मी तेच करत होते. कुणी ह्यांना काही विचारलं की ह्यांचं वाक्य मीच पुरं करायचे. प्रेमानंच करायचे. तुम्ही माझ्याकडे न बघता तेलानं माखलेला हात वर केलात. थांब.

हे म्हणाले, "एक." मग बराच वेळ काही नाही. डावा हात वाटीत फिरत होता, स्टीलवर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. "दोन." तुम्ही हलला नाहीत, घाई केली नाहीत. "तीन." पुन्हा हात फिरला. आणि मग हे म्हणाले, "एक... कमी."

तुम्ही शाब्बास म्हणाला नाहीत. टाळ्या वाजवल्या नाहीत, माझ्याकडे पाहून हसला नाहीत. लेथवरच्या जोडीदाराला सांगावं तसं म्हणालात, "मग शोधा की." आणि ह्यांनी शोधला. गवताच्या गोळ्यात अडकला होता, खुर्चीच्या पायाशी. ह्यांनी बुटाच्या टोकानं दाखवला.

मिरजेला आमच्या गल्लीत गिरणीवाले मामा होते. दळणाची रांग कितीही मोठी असो, म्हातारीचा डबा ते आधी घ्यायचे आणि बाकीच्यांना "ह्यांचा नंबर मघाशीच लागलाय" असं सांगायचे, म्हणजे तिला कुणाचे उपकार वाटायला नकोत. अशी माणसं मी लहानपणी रोज बघत होते म्हणून त्यांची किंमत कळली नव्हती. तुम्ही त्याच मातीतले. मजुरी विचारली तर "मी हितं पाहुणा, पाहुण्यानं पैसं घ्यायचं नसतंय" म्हणून फक्त चहा घेतलात, तोही बिनसाखरेचा.

सध्या गवत मी कापते. हे अंगणात बसून आवाज ऐकतात आणि मशीनचा पट्टा सैल वाटला की डावा हात वर करतात. लोकांनी ह्यांना काही विचारलं की मी आता गप्प राहायला शिकते आहे. जमतं असं नाही. जीभ चावून उभी राहते.

वाटी अजून स्वयंपाकघरात परत नेलेली नाही. गॅरेजच्या फळीवर ठेवली आहे, तुमच्या त्या फुटलेल्या बेअरिंगसकट. पुढच्या उन्हाळ्यात याल तेव्हा पातं परजायचं आहे. तोवर वाटी ह्यांच्या ताब्यात.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
मिरजेची लेक