थर्मोस्टॅट काढणे हा उपाय नव्हे

मा. संपादक,
स. न.

जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे इंजिन का तापते, याविषयीचा लेख आपल्या वाहनविषयक पुरवणीत वाचला. विषयाला जागा दिल्याबद्दल आभार. मात्र ‘थर्मोस्टॅट काढून टाका आणि मोठा इलेक्ट्रिक पंखा बसवा’ हा त्यातील सल्ला काही गाड्यांना थेट घातक ठरू शकतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार उघडणारी-मिटणारी झडप, पाणी अडवतो, तेव्हा तो काढला की पाणी मोकळे फिरेल, ही समजूत वरवर पटण्यासारखी आहे. परंतु जग्वारच्या एक्सके इंजिनासारख्या काही इंजिनांत तो दुहेरी काम करतो. इंजिन तापले की तो रेडिएटरकडची वाट उघडतो आणि त्याच वेळी, स्वतःला जोडलेल्या कड्याने, रेडिएटर टाळून पाणी परस्पर पंपाकडे नेणारी बायपासची वाट बंद करतो. तो काढला, किंवा त्याच्या जागी बिनकड्याचा बसवला, तर बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम पाण्याचा बराचसा भाग रेडिएटरकडे न जाताच इंजिनात परततो. मग नवा रेडिएटर घातला तरी तापमानाचा काटा खाली येत नाही.

पंख्याचा सल्ला सरसकट चुकीचा आहे, असे मी म्हणणार नाही. जग्वारने स्वतःच 1968 पासूनच्या ई-टाइप या स्पोर्ट्स गाडीच्या दुसऱ्या मालिकेत पुढचे तोंड मोठे केले आणि दोन इलेक्ट्रिक पंखे दिले. मात्र गाडी नेमकी कधी तापते, हे आधी पाहिले पाहिजे. वाहतुकीत खोळंबल्यावर तापत असेल, तर संशय पंख्यावर आणि हवेवर घ्यावा. रेडिएटरच्या कडेच्या फटी बुजवल्या नसतील, तर हवा जाळीतून न जाता त्या फटींतूनच निघून जाते. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल, तर पंख्याचा दोष बहुधा नसतो, कारण तेव्हा हवा आपोआपच मिळत असते. अशा वेळी तुंबलेला रेडिएटर, वेगात आत ओढली जाऊन चपटी होणारी खालची होजपाइप किंवा इग्निशनचे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, तपासावे.

टायमिंगकडे फारच दुर्लक्ष होते, असे माझे मत आहे. ठिणगी उशिरा पडली की मिश्रण उशिरापर्यंत जळत राहते आणि त्याची उष्णता दट्ट्या ढकलण्याऐवजी एक्झॉस्टच्या मार्गाभोवतीच्या पाण्यात उतरते. सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवरच्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचा (इंजिनाच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाचा) पडदा फाटला असेल, तर हलक्या पायाने गाडी चालवताना नेमके हेच घडते. ही तपासणी बिनखर्चाची आहे: त्याची नळी कार्ब्युरेटरकडून सोडवून तोंडाने ओढून पाहावी, पडदा शाबूत असेल तर आतली पट्टी सरकते आणि ओढ टिकून राहते.

इंजिन ब्लॉकमध्ये साचलेला गाळ हाही असाच नजरेआड राहणारा दोष आहे. गंज आणि क्षार मागच्या सिलिंडरांभोवती तळाला इतके घट्ट बसतात, की ब्लॉकचा ड्रेन कॉक (पाणी सोडण्याची तोटी) उघडला तरी थेंबही येत नाही आणि तार घालून टोकरावे लागते. ब्लॉक धुऊन न घेता नवा रेडिएटर बसवला, तर तोच गाळ सुटून त्यातही जाऊन बसतो.

रेडिएटरमध्ये दाब धरून ठेवणारे झाकणही तपासून घ्यावे. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण साध्या दाबाला सुमारे 107 अंश सेल्सियसला उकळते आणि दर पौंड दाबामागे हा बिंदू साधारण दीड अंशाने वर जातो, त्यामुळे स्प्रिंग सैल झालेले झाकण ही सवलत गमावून बसते. म्हणून कंपनीने ठरवून दिलेल्या दाबाचेच झाकण वापरावे. त्याहून अधिक दाब जुन्या रेडिएटरच्या डागकामाला सोसत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी, डॅशबोर्डवरचा काटा खरे बोलतो का, हे इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर धरून पाहून घ्यावे. लेखाच्या पुढील भागात या तपासण्यांना स्थान मिळावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक