शेकडा चारने पैसे लावणारा ‘निःस्पृह’ ब्रूटस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसवरचा पानभर लेख वाचला. भाषा ओघवती आहे, त्याबद्दल लेखकाचे अभिनंदन. सीझरला झालेल्या २३ जखमा आल्या, पाँपेचा पुतळा आला, फिलिपीची रणभूमी आली. सायप्रसमधल्या सालामिसचे मात्र नावसुद्धा नाही. जागा पुरली नाही म्हणावे, तर मधोमध चार कॉलमी चित्र आहे!

या सालामिस नगराला ब्रूटसने कर्ज दिले होते. व्याज महिन्याला शेकडा चार, म्हणजे वर्षाला ४८ टक्के. परप्रांतीयांना रोममध्ये असे कर्ज द्यायला कायद्याने बंदी होती, तर त्यासाठी सिनेटकडून खास सवलतीचा ठराव करून घेतला. कागदावर नावे स्काप्टियस आणि मॅटिनियस या दोघांची. हप्ते थकल्यावर या स्काप्टियसला सरकारी हुद्दा आणि दिमतीला घोडेस्वार मिळाले. देणारा सुभेदार कोण, तर ब्रूटसचे सासरे! मग स्वारांनी नगरसभेला वेढा घातला आणि आत कोंडलेले पाच सभासद उपाशी मेले.

हे मी पदरचे सांगत नाही. त्यानंतर सुभेदार होऊन आलेल्या सिसेरो या प्रसिद्ध रोमन वक्त्याने आपला मित्र ॲटिकस याला लिहिलेल्या पत्रांत हे सगळे आहे. सिसेरोने व्याजाला वर्षाला १२ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली होती. त्या हिशेबाने देणे निघाले १०६ टॅलेंट (मोठ्या रकमा मोजण्याचे तेव्हाचे माप), आणि स्काप्टियस मागत होता जवळजवळ २००. सालामिसकर रक्कम भरायला तयार होते. तेवढ्यात सिसेरोला समजले, की पैसा ब्रूटसचा आहे. त्याने स्वार काढून घेतले हे खरे, पण निकाल न देताच प्रकरण पुढच्या सुभेदाराच्या गळ्यात टाकून तो घरी गेला. ॲटिकससारखा सज्जन तर म्हणत होता, स्काप्टियसला निदान पन्नास स्वार तरी द्या!

मला याचा राग यायला कारण आहे. माझ्या वडिलांनी विहिरीवरच्या पंपासाठी शेकडा पाचने पैसे उचलले होते. चिठ्ठी गावातल्या किराणावाल्याच्या नावाने. वसुलीचा माणूस ओट्याला सायकल टेकवून बसायचा, तो वडील घरी नाहीत म्हटले तरी दिवेलागणीपर्यंत उठत नसे. आई त्यालाच चहा करून द्यायची. तो बशीत ओतून फुरके मारत गोठ्यातल्या म्हशीकडे बघत राही. शेवटी म्हैस गेलीच. पैसे कोणाचे होते ते पुढे फार उशिरा कळले. दर १५ ऑगस्टला आमच्या शाळेत येऊन साधी राहणी आणि सचोटी यांवर भाषण ठोकणारे एक खादीधारी गृहस्थ! त्यांच्या हातून मी कंपासपेटीचे बक्षीस घेतले आहे. ते वारले तेव्हा एका पेपरात ‘निःस्पृह’ असे छापून आले. आपल्या नव्हे, दुसऱ्या. कालच्या लेखात ब्रूटसला लावलेले विशेषण मात्र नेमके तेच आहे.

सीझरला मारले ते योग्य की अयोग्य, या वादात मला पडायचे नाही. सीझर काही संत नव्हता. पण मग सगळेच सांगा की! दोन खंजीर आणि मधे गुलामाच्या सुटकेची टोपी असलेल्या नाण्याचे आपण केवढे कौतुक केलेत. त्या नाण्याच्या दुसऱ्या बाजूला खुद्द ब्रूटसचे मुंडके आहे, ती बाजू छापली नाहीत. जिवंतपणी स्वतःचा चेहरा रोमच्या नाण्यावर आणला हा सीझरचा माज, आणि तीन वर्षांच्या आत ब्रूटसने तेच केले की ते स्वातंत्र्याचे प्रतीक. वा!

जाता जाता आणखी एक. शब्दकोड्याची चौकट हल्ली इतकी बारीक झाली आहे, की त्यात जोडाक्षर मावत नाही, आणि उत्तरे फ्लॅटच्या जाहिरातीखाली उलटी छापलेली असतात. ब्रूटसला अख्खे पान देता, तर कोड्याला दोन बोटे जागा वाढवून द्यायला हरकत नसावी.

कृपया माझे नाव छापू नये. त्या गृहस्थांचे नातू गावातच आहेत आणि आपलाच पेपर घेतात.

आपला,
एक जुना वर्गणीदार