मान टिकवायचा तर काम हवे

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

वकिलांच्या त्या जुन्या, मानाच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर तुझी निवड झाल्याचे पत्रातून कळले आणि फार आनंद झाला. तरुण वकील सभासद होण्यास उत्सुक नाहीत आणि ज्येष्ठांना मात्र संस्थेचे सारे ठीक चालले आहे असे वाटते, ही तुझी चिंता मला रास्त वाटते.

एक जुने उदाहरण सांगते. इंग्लंडमधील ‘सार्जंट ॲट लॉ’ ही वकिलांची एके काळची सर्वांत मानाची श्रेणी होती. कॉमन प्लीज या दिवाणी दाव्यांच्या न्यायालयात युक्तिवाद करण्याची मक्तेदारी १८४६ पर्यंत त्यांच्याकडे होती आणि कॉमन लॉ न्यायालयांचा न्यायाधीश होण्यापूर्वी सार्जंट व्हावेच लागे. १८७३ च्या ज्युडिकेचर कायद्याने ही अट रद्द केली, तेव्हा त्या मंडळींपाशी एकत्र राहण्याचे दुसरे कारणच उरले नाही. १८७७ मध्ये त्यांनी लंडनमधील चॅन्सरी लेनवरील आपली वास्तू विकली आणि आलेले पैसे आपसांत वाटून घेतले. त्यांच्यातील शेवटचे, लॉर्ड लिंडली, १९२१ मध्ये वारले. शतकानुशतकांची ती परंपरा कोणा शत्रूने मोडली नाही. तिचा सारा मान एका विशेष हक्कावर उभा होता आणि तो हक्क गेल्यावर मागे काहीच राहिले नाही.

लंडनमधीलच चार ‘इन्स ऑफ कोर्ट’, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्था, मात्र आजही उभ्या आहेत. बॅरिस्टरची सनद देण्याचा अधिकार त्यांच्याकडे राहिला हे खरे, पण शिकवण्याचे काम त्यांनी पुन्हा अंगावर घेतले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. सतराव्या शतकातील यादवी युद्धानंतर तेथील शिक्षण जवळपास बंद पडले होते आणि ठरावीक भोजनांना हजर राहून सनद मिळत असे. १८५२ मध्ये चारही इन्सनी मिळून कायद्याच्या शिक्षणासाठी परिषद स्थापन केली आणि १८७२ पासून परीक्षा सक्तीची झाली.

तरीही त्यांचे सारेच अनुकरणीय नाही. भारतातील आद्य स्त्री वकिलांपैकी कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये दिली, पण त्या चारांपैकी लिंकन्स इन या संस्थेची सनद त्यांना १९२३ मध्ये मिळाली, आणि तीही १९१९ च्या कायद्याने स्त्रियांवरची बंदी उठवल्यानंतर. अमेरिकेत राष्ट्रीय वकील संघटनेने कृष्णवर्णीय वकिलांना दूर ठेवले, तेव्हा त्यांनी १९२५ मध्ये नॅशनल बार असोसिएशन ही स्वतःची संघटना उभारली. गुणवान माणसांना दाराबाहेर ठेवणारी संस्था त्यांचे जेवढे नुकसान करते, त्याहून अधिक स्वतःचे करते, असे माझे ठाम मत आहे. तरीही सभासदत्वाची कसोटी सैल करण्याचा ठराव तू मांडू नकोस. पण ती कसोटी कोणाला लावली जाते, हे जरूर तपास. सभासदांच्या शिफारशीवरच नावे पुढे येत असतील, तर सिनिअरच्या ओळखीतली तीच ती नावे येणार. तालुका न्यायालयात उत्तम उलटतपासणी घेणाऱ्या किंवा कायदेशीर मदत केंद्रात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या वकिलाचे नाव सुचवणारे तिथे कोणी नसते. निवड समितीने स्वतः बाहेर पडून अशी माणसे शोधावीत.

दुसरी गोष्ट तरुणांची. एकट्याने वकिली सुरू केलेल्या ज्युनिअरला खरी अडचण पुस्तकांची नसते, तर पक्षकाराने भलतेच सांगितले असता काय करावे, हे विश्वासाने विचारावे असे कोणी नसण्याची असते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने रचलेले आणि अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. त्यांतला एक वकील अनेक वर्षांच्या अनुभवाचा होता, हे विसरू नकोस. अमेरिकन बार असोसिएशनने जुलै २०२४ मध्ये अशा साधनांच्या वापराबाबत आपले औपचारिक मत प्रसिद्ध केले. पक्षकाराची गुपिते, फी आणि निवाड्यांची पडताळणी यांबाबत वकिलाचे कर्तव्य काय, हे त्यात सांगितले आहे. तुमच्या संस्थेने असे मार्गदर्शन सर्व वकिलांसाठी खुले ठेवावे आणि नाव गुप्त राखून सल्ला देणारे दोन-तीन निवृत्त न्यायाधीश व ज्येष्ठ वकील नेमावेत. वार्षिक समारंभाचा खर्च थोडा कमी करून यासाठी पैसा काढता येईल. नव्या सभासदांची वर्गणीही पहिली काही वर्षे नाममात्र असावी.

आणखी एक. अप्रिय पक्षकाराचे वकीलपत्र घेतले म्हणून एखाद्या वकिलावर दबाव आला, तर संस्थेने त्याच दिवशी, त्याची बाजू पटते की नाही हे न पाहता, त्याच्या पाठीशी उभे राहावे. तुमच्या नियमावलीत याची तरतूद नसेल, तर सर्वसाधारण सभेपुढे पहिला ठराव याचाच मांड. मसुदा तयार झाला की मला पाठव. विरोध कोठून होईल आणि त्याला उत्तर काय द्यावे, हे मी समासात लिहून परत करीन.

तुझी आई